घाटापलीकडे उतरताना ट्रॅकर गप्प होतो : दोष कुठे शोधायचा आणि पेटी कशी मिळवायची

लक्षण असं आहे. सकाळी कोकणातल्या सड्यावरून, म्हणजे कातळाच्या मोकळ्या पठारावरून, हवामान प्रयोगाचा फुगा सोडला, त्याच्याखाली पॅराशूट आणि उपकरणांची पेटी. वर जाताना पेटीतला ट्रॅकर, म्हणजे आपली जागा आणि उंची रेडिओवरून कळवणारं यंत्र, ठणठणीत. २८ किलोमीटरच्या आसपास फुगा फुटला, पॅराशूट उघडलं, उंचीचे आकडे भराभर उतरायला लागले. दहा हजार, सात हजार, चार हजार. आणि पेटी जमिनीपासून दोनेक हजार मीटर वर असतानाच रिसीव्हरच्या पडद्यावर दर दहा सेकंदांनी येणारी ट्रॅकरची ओळ थांबते. पुन्हा येतच नाही. नकाशावर शेवटचा ठिपका घाटमाथ्याच्या पलीकडे, शाहूवाडी नाहीतर पन्हाळा तालुक्यात. गाडी काढून तिथे पोचायचं, शेतं तुडवायची, आणि अंधार पडला की रिकाम्या हातांनी घाट उतरायचा.

आमच्या गटाचं हे तीनदा झालं. तिन्ही उड्डाणं राजापूरजवळच्या एकाच सड्यावरून, तिन्ही फेब्रुवारी-मार्चमधली. पहिल्यांदा आम्ही बॅटरी बदलली. दुसऱ्यांदा अँटेना बदलला. तिसऱ्यांदा अख्खा ट्रॅकर नवा केला, आणि सिग्नल आधीपेक्षाही लवकर तुटला. पुढे दुसऱ्या उड्डाणातली पेटी ऊसतोड चालू असताना एका शेतकऱ्याला सापडली. पेटीवरचा नंबर बघून त्यांनी फोन केला, "पाव्हणं, ह्यो डबा तुमचाच न्हवं?" आम्ही दुसऱ्या दिवशी जाऊन पेटी आणली आणि आतलं मेमरी कार्ड संगणकाला लावलं. जमिनीवर पडल्यानंतर ट्रॅकर एकोणीस तास दर दहा सेकंदांनी आपली जागा बरोबर सांगत होता. त्याच्यात काहीही बिघडलेलं नव्हतं. आम्ही ज्या ठिकाणी उभं राहून ऐकत होतो, तिथे ते पोचत नव्हतं.

तुमच्याकडे हेच होत असेल तर सोल्डरिंगची बंदूक हातात घेण्याआधी पुढचं वाचा.

आधी शेवटच्या ओळी वाचा

सिग्नल का गेला हे बहुतेक वेळा शेवटच्या दहा-पंधरा ओळींतच असतं. रिसीव्हर प्रत्येक ओळीसोबत एसएनआर, म्हणजे सिग्नल आणि गोंगाट यांतला फरक नोंदवतो. तो रकाना झाकलेला असेल तर उघडा. आमच्या तिसऱ्या उड्डाणाच्या आधीच्या, म्हणजे दुसऱ्या उड्डाणातला तो रकाना असा होता : ८, ८, ७, ८, २, −३, −७. मग काही नाही. आधी कितीतरी वेळ सपाट, आणि मग तीन-चार ओळींत, तीसेक सेकंदांत, थेट खड्ड्यात. ही डोंगराची सही आहे. पेटी क्षितिजावरच्या एखाद्या कड्यामागे जाते तेव्हाच सिग्नल असा पडतो. कड्याच्या काठावरून थोडी लहर वळून अलीकडे येते, म्हणून एकदम शून्य होत नाही. दोन-तीन ओळी लंगडत येतात.

बाकीचे दोष वेगळे दिसतात. बॅटरी थंडीने मान टाकते तेव्हा ओळीतला व्होल्टेजचा आकडा आधी घसरतो, आणि ते खाली उतरताना नाही, वर जाताना घडतं. परदेशी लेखांत वरच्या हवेचं तापमान उणे ५५ अंश वाचून आपण गाफील राहतो. आपण उष्ण कटिबंधात आहोत, आपल्या डोक्यावर हवेची सगळ्यात थंड पातळी १६ ते १७ किलोमीटरवर असते आणि तिथे उणे ७५ ते उणे ८० अंशांपर्यंत उतरतं. साधे अल्कलाइन सेल तिथे मरतात. लिथियमचे डबल-ए सेल आणि जाड थर्माकोलची पेटी, यावर तडजोड करू नका.

उंचीचा आकडा १२,००० मीटरच्या आसपास अडकला आणि रेडिओ मात्र चालूच आहे, तर जीपीएस साध्या मोडमध्ये राहिला आहे. ट्रॅकरमधली यू-ब्लॉक्स ही जीपीएस चिप मुळात पोर्टेबल मोडमध्ये सुरू होते आणि त्या मोडची मर्यादा १२,००० मीटर आहे. तिला एअरबोर्न मोड सांगावा लागतो, मग ती ५० किलोमीटरपर्यंत चालते. इथे एक खाच आहे. सुरुवातीला एकदा आज्ञा देऊन भागत नाही. वाटेत क्षणभर व्होल्टेज पडून चिप पुन्हा सुरू झाली की ती मुकाट्याने जुन्या मोडवर जाते. आम्ही दर मिनिटाला मोड विचारतो आणि चुकीचा असेल तर पुन्हा आज्ञा पाठवतो. प्रोग्रॅममध्ये चार ओळींचं काम आहे.

फुगा फुटल्याच्या क्षणीच सगळं थांबलं तर झटक्याने अँटेनाची वायर उपटली आहे. वायर पेटीला गाठ मारून बांधा, ताण सोल्डरवर येऊ देऊ नका. आणि ओळी थेट जमिनीपर्यंत येऊन मग थांबल्या असतील, तर अभिनंदन, तुमची पेटी त्या ठिपक्यापासून शंभर पावलांत आहे आणि अँटेना तिच्याच अंगाखाली दबला आहे.

यांतलं काही नसेल, एसएनआर मघाशी सांगितला तसा पडला असेल, तर पुढचा भाग तुमच्यासाठी.

डोंगर किती खातो

मोकळ्या जागी हिशेब सोपा असतो. उंचीचं मीटरमधलं वर्गमूळ काढून त्याला साधारण चारने गुणलं की रेडिओचं क्षितिज किलोमीटरमध्ये मिळतं. ३०,००० मीटरवरून ७०० किलोमीटर, १,००० मीटरवरून सव्वाशे-दीडशे. म्हणून फुगा वर असताना रत्नागिरीतून ऐकलं काय आणि राजापुरातून ऐकलं काय, फरक पडत नाही. उतरताना मात्र क्षितिज सह्याद्री ठरवतो.

कोकण म्हणजे समुद्र आणि सह्याद्री यांच्यामधली पन्नास-साठ किलोमीटरची चिंचोळी पट्टी. हिवाळ्यात आणि वसंतात वरचे वारे पश्चिमेचे, तेव्हा इथून सोडलेला फुगा घाट ओलांडणार हे ठरलेलंच. आपण खाली, मध्ये सात-आठशे मीटरची भिंत, पेटी पलीकडे.

आकडे मांडून बघा. तुमचा रिसीव्हर समुद्रसपाटीपासून १०० मीटरवर आहे. घाटमाथा तुमच्यापेक्षा ७५० मीटर उंच आणि १२ किलोमीटर लांब. पेटी त्या माथ्याच्या पलीकडे आणखी २८ किलोमीटरवर उतरते आहे, म्हणजे तुमच्यापासून ४०. माथ्याला टेकून जाणारी सरळ रेषा ४० किलोमीटरवर जवळपास २,५०० मीटर चढलेली असते. त्यात तुमची १०० मीटर उंची आणि पृथ्वीच्या गोलाईचे शंभरेक मीटर मिळवा. पेटी समुद्रसपाटीपासून २,७०० मीटरच्या खाली गेली की संपलं. कोल्हापूरकडची जमीन ६०० मीटरच्या आसपास आहे, म्हणजे शेवटचे २,१०० मीटर तुम्हाला दिसणारच नाहीत. पॅराशूटवर त्याला साडेसहा मिनिटं लागतात. सहा मीटर प्रतिसेकंद वारा असेल तर तेवढ्या वेळात पेटी सव्वादोन-अडीच किलोमीटर सरकते. ठिपक्यावर जाऊन पेटी का मिळत नाही, ते हे.

आता आमची तिसऱ्या वेळची चूक. सिग्नल तुटतो म्हणजे आपण लांब पडतो, असं वाटून आम्ही फुगा सोडल्या सोडल्या गाडी दामटली आणि अणुस्कुरा घाटाच्या अगदी पायथ्याशी जाऊन थांबलो. माथा समोर चार किलोमीटरवर. वरचाच हिशेब चार किलोमीटरला करा : आता पेटी तुमच्यापासून ३२ किलोमीटरवर, आणि रेषा तिथे ६,००० मीटर चढलेली. म्हणजे सहा किलोमीटरच्या खालचं सगळं अंधारात. नव्या कोऱ्या ट्रॅकरचा सिग्नल त्या दिवशी ६,२०० मीटरवर तुटला होता. तो बिचारा चांगलाच होता. आम्हीच भिंतीच्या सावलीत जाऊन बसलो होतो.

याच्या उलट, आम्ही सड्यावरच थांबलो असतो तर? राजापूरच्या सड्यापासून माथा ३३ किलोमीटर. तिथून तीच पेटी ६१ किलोमीटरवर, पण दिसली असती साधारण १,६०० मीटरपर्यंत. तीसेक किलोमीटर मागे राहून चार हजारांहून जास्त मीटर पदरात पडले असते. तेव्हा एक गोष्ट घट्ट धरा : कोकणातून ऐकायचं असेल तर घाटाच्या पायथ्याशी जाऊ नका. जितके मागे आणि जितके उंच, तितकं बरं. गाडी घाट चढत असेल तर ती घाट चढून पलीकडे जाऊ द्या, मध्ये थांबवू नका.

पण खरा उपाय हाच नाही. सड्यावरूनसुद्धा शेवटचे हजार मीटर जातातच. खरा उपाय म्हणजे दुसरा रिसीव्हर घाटावर, आणि तो फुगा सुटण्याआधी तिथे पोचलेला हवा. आमच्यातले दोघं आता आदल्या रात्रीच घाट चढतात आणि पहाटे पन्हाळ्यावर जाऊन बसतात. तिथून पूर्वेचं मैदान उघडं आहे आणि पश्चिमेकडच्या कासारी-कुंभीच्या खोऱ्यांचाही बराच भाग नजरेत येतो. मलकापूरजवळ रस्त्याकडेला थांबून ते साधत नाही, तिथे पुन्हा टेकड्या आडव्या येतात. तुम्ही मालवण-कणकवलीकडून सोडत असाल तर गगनबावड्याच्या माथ्यावरची जागा बघा. चिपळूणकडून सोडत असाल तर पलीकडे कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान आहे, तिथे पेटी पडली तर वनखात्याच्या परवानगीशिवाय आत पाऊल टाकायचं नाही. अंदाज तिकडे जात असेल तर त्या दिवशी फुगा सोडू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

कुणी म्हणेल, दुसरी माणसं नाहीत, दुसरी गाडी नाही. मग लोराचा, म्हणजे ट्रॅकरच्या रेडिओ पद्धतीचा, स्प्रेडिंग फॅक्टर वाढवून बघा. तो जितका मोठा, तितकी क्षीण ओळ वाचता येते. आम्ही आठवर चालवायचो, तिथे एसएनआर उणे १० पर्यंत पडला तरी ओळ वाचता येते. अकरावर नेलं की उणे साडेसतरापर्यंत. डोंगरामागे गेल्यावर त्याने साधारण ३०० मीटर जास्त मिळतात, आणि ओळी सावकाश येतात. ३०० मीटर वाईट नाहीत, पण पन्हाळ्यावर बसलेला माणूस २,००० मीटर देतो. आम्ही वापरतो तो ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झचा पट्टा आपल्याकडे ठरावीक शक्तीच्या मर्यादेत विनापरवाना आहे. त्या लहरी जेमतेम ३५ सेंटीमीटर लांबीच्या, डोंगराला वळसा घालणं त्यांना फारसं जमत नाही.

शेवटच्या ओळीपासून जमिनीपर्यंत

सगळं करूनही एखाद्या दिवशी सिग्नल मध्येच जातो. तेव्हा शेवटच्या ठिपक्यावरून जमिनीवरची जागा काढावी लागते, आणि आमची दुसरी मोठी चूक इथे झाली होती.

पहिल्या उड्डाणाच्या वेळी आम्ही असा विचार केला : फुगा वर जाताना प्रत्येक उंचीवरचा वारा आपल्याला मिळालाच आहे, तोच उतरतानाही लावू. ऐकायला बरोबर वाटतं. पण वर जाताना खालचा वारा आम्ही मोजला तो सकाळी सात वाजता, समुद्रापासून काही किलोमीटरवर. त्या वेळी आमच्याकडे मतलई वारा असतो. रात्रभर थंड झालेल्या जमिनीवरून समुद्राकडे जाणारा, म्हणजे पूर्वेचा. तो किनारपट्टीचा वारा आहे, शे-दोनशे मीटर, फार तर चार-पाचशे मीटर जाडीचा. सह्याद्रीच्या पलीकडे, ६०० मीटर उंचीच्या पठारावर, सव्वानऊ वाजता त्याचा काय संबंध? आम्ही मात्र त्याच्या भरवशावर ठिपक्याच्या पश्चिमेला शोधत राहिलो. पेटी पूर्वेला होती, पावणेदोन किलोमीटरवर. तीही महिन्याभराने एका गुराख्याला मिळाली.

भाकीत करणाऱ्या संकेतस्थळांवरही शेवटच्या टप्प्यासाठी विसंबू नका. वरच्या हवेसाठी ती उत्तम आहेत, आम्ही रोज वापरतो. पण त्यांच्यामागचं जीएफएस हे हवामानाचं संगणकीय मॉडेल पाव अंशाच्या चौकटीत हवा मांडतं, म्हणजे साधारण २७ किलोमीटरची एकेक चौकट. त्या चौकटीत सह्याद्रीचा कडा हा कडा राहत नाही, हलका उतार होतो. शिवाय सकाळी सातच्या उड्डाणाला आपल्या हातात असतो तो आदल्या रात्री साडेअकराचा हिशेब. पहाटे साडेपाचचा हिशेब तयार होईपर्यंत पेटी खाली आलेली असते.

मग काय वापरायचं? शेवटच्या दहा ओळी. पॅराशूटवरची पेटी वाऱ्यासोबतच वाहते, म्हणून दोन ओळींमधलं आडवं अंतर भागिले वेळ म्हणजे त्या जागेवरचा, त्या क्षणाचा वारा. अंदाज नव्हे, मोजमाप. त्याच ओळींतून उतरण्याचा वेगही मिळतो, आणि तोही मोजलेलाच घ्या. फुग्याच्या फाटक्या चिंध्या दोऱ्यांत अडकल्या तर पॅराशूट अर्धवट उघडतं आणि सेकंदाला पाचाऐवजी आठ-नऊ मीटरने पेटी खाली येते. कागदावरचा पाच धरून बसलात तर तुम्ही पेटीच्या पुढे निघून जाल.

एक उदाहरण. शेवटची ओळ ९ वाजून ११ मिनिटं ४० सेकंदांची, उंची २,६५०, उतरण्याचा वेग ५.६, वारा वायव्येकडून ८ मीटर. जमीन ६०० वर. वरचे हजार मीटर, म्हणजे १,६५० पर्यंत, हाच वारा धरायचा : १८० सेकंद, आग्नेयेला साधारण १,४५० मीटर. खालच्या हजार-पन्नास मीटरसाठी घाटावर असलेल्या माणसाला फोन करायचा आणि विचारायचं, "तुझ्याकडे वारा किती नि कुठून?" तो उसाच्या पाचटाची चिमूट उडवून नाहीतर कुणाच्या चुलीचा धूर बघून सांगतो. वरचा वारा आणि त्याने सांगितलेला वारा, दोन्हींच्या मधला धरा. समजा ५ मीटर निघाला, तर २०० सेकंदांत आणखी १,००० मीटर. दोन्ही बाण नकाशावर एकापुढे एक काढा, टोकाला अर्ध्या किलोमीटरचं वर्तुळ काढा, आणि त्या वर्तुळाच्या मध्यापासून शोध सुरू करा. कागद-पेन्सिलीने पाच मिनिटांत होतं. गाडीत बसल्या बसल्या करा, तोवर गाडी वाटेला लागलेली असते.

महिना बघायला विसरू नका. फेब्रुवारी-मार्चमध्ये देशावरचा खालचा वारा बहुधा वायव्येकडून येतो, तर डिसेंबरात तोच पूर्वेचा असू शकतो. तेव्हा वरचे हजार मीटर पेटी पूर्वेला जाते आणि खालचे हजार मीटर परत मागे येते. म्हणून कुणाचाही ठरीव आकडा उसना घेऊ नका, माझासुद्धा. मेच्या उत्तरार्धापासून तर प्रश्नच मिटतो. वरचे वारे पूर्वेचे होतात, पावसाळ्यात १४ ते १६ किलोमीटरवर पूर्वेचा जोरदार झोत वाहतो, आणि फुगा अरबी समुद्रात जातो. आमचा हंगाम नोव्हेंबर ते मार्च, एवढाच.

वायू भरताना होणारी चूक

ही वेगळी तक्रार आहे, पण हिच्यामुळे घाटावरचा माणूस चुकीच्या डोंगरावर जाऊन बसतो, म्हणून सांगतो. सड्यावर वारा असला की फुगा आडवा पडतो आणि फुग्याची ओढ मोजणारा ताणकाटा काहीही दाखवतो. आमचा ६०० ग्रॅमचा फुगा आणि ८०० ग्रॅमची पेटी, पॅराशूट धरून. सेकंदाला पाच मीटरच्या जवळपास वेगाने चढण्यासाठी फुग्याच्या मानेला १,६०० ग्रॅम ओढ लागते. काट्याने वाऱ्याचा जोर ओढ म्हणून दाखवला आणि ३०० ग्रॅम कमी भरलं गेलं, तर चढण्याचा वेग पावणेपाचावरून चारच्या खाली येतो. फुगा वीसेक मिनिटं जास्त हवेत राहतो, आणि साठ किलोमीटरवर पडणारी पेटी सत्तरच्या पुढे जाते.

उपाय साधा आहे. काटा ठेवून द्या. पाण्याच्या बाटल्या एकत्र बांधून बरोबर १,६०० ग्रॅमचं वजन घरीच करून आणा आणि ते मानेला अडकवा. वारा पडतो तो अर्धा मिनिट थांबा. वजन जमिनीवरून जेमतेम अधांतरी झालं की वायू बंद. पहाटे सहा ते साडेसहा या वेळात सड्यावर असा शांत अर्धा मिनिट पुष्कळदा मिळतो, उन्हं चढल्यावर नाही. कातळाची धार रबराला चालत नाही, खाली ताडपत्री आणि तिच्यावर जुनी मऊ गोधडी अंथरा. हातात सुती मोजे घाला. फुगलेल्या रबराला बोटांचं तेल आणि नखं दोन्ही नकोत.

उसात शिरण्याआधी

पेटी बहुतेक वेळा उसात पडते. पश्चिम कोल्हापुरात दुसरं काय मिळणार! उभ्या उसात आठ-दहा फुटांवरचं केशरी पॅराशूटही दिसत नाही. रांगेच्या आत शिरलं की आभाळाची एक पट्टी डोक्यावर उरते, पात्याच्या कडा हात आणि मान कापतात, आणि दहा पावलांत दिशा हरवते. पूर्ण बाह्यांचा शर्ट, टोपी, आणि बांधावर उभा राहून हाक देणारा एक माणूस, एवढं हवंच. जमिनीवर पडलेल्या पेटीचा सिग्नल उसात काहीशे मीटरच जातो, म्हणून हातातला यागी, म्हणजे एकाच दिशेचं नीट ऐकणारा, अँटेना घेऊन आधी बांधाबांधाने फिरा. सिग्नल लागला की रिसीव्हर छातीशी धरून सावकाश गोल फिरा. आपलं शरीर मध्ये आलं की सिग्नल पडतो, म्हणजे पेटी पाठीमागे आहे. शेवटच्या वीस पावलांत याचा उपयोग यागीपेक्षा जास्त होतो.

पेटीत एक बझर टाका, जमिनीवर पोचल्यानंतर दर अर्ध्या मिनिटाला वाजणारा. पंचवीस-तीस रुपयांची वस्तू, पण उसात तिच्यासारखा सोबती नाही. टू-जी नेटवर्कवर एसएमएस पाठवणारं मॉड्यूलही आम्ही ठेवतो. उतरताना १,५०० मीटरच्या खाली आल्यावरच ते सुरू होतं. मैदानात हटकून काम करतं, घाटाच्या दऱ्यांत रेंजच नसते. तेव्हा ते आधार म्हणून ठेवा, भरवसा रेडिओवर.

शेतात पाऊल टाकण्याआधी शेतमालकाला विचारायचं. कुणाचा ऊस तोडणीला आला असेल, कुणी कालच पाणी सोडलं असेल. "काका, आमची हवामानाची पेटी तुमच्या शेतात पडली आहे, बांधावरून जाऊन घेऊ का?" एवढं म्हटलं की माणसं स्वतः पुढे होऊन शोधायला लागतात, हा आमचा दरवेळचा अनुभव. कोकणच्या बाजूला आंब्या-काजूच्या कलमांवर अडकली तर फांदी ओढू नका, मोहोर झडतो. बागवाल्याकडे आंबे काढायचा झेला असतो, त्याने पेटी अलगद निघते.

आणि पेटीच्या चारही बाजूंना ठळक मराठीत लिहा : हे हवामान प्रयोगाचं साहित्य आहे, यात धोकादायक काही नाही, कृपया उघडू नका, या नंबरवर फोन करा. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या (टीआयएफआर) हैदराबादच्या बलून केंद्रातून मोठे संशोधन फुगे सुटतात तेव्हा ते महाराष्ट्रातल्या काही जिल्ह्यांतही अशाच सूचना आधी जाहीर करतात, आणि त्यांची उपकरणं लोक जपून परत देतात. आकाशातून पडलेल्या अनोळखी डब्याची भीती वाटणं साहजिक आहे. गावात गोंधळ उडून पोलिसांना धावपळ करावी लागू नये, म्हणून जिथे पेटी पडण्याचा अंदाज आहे त्या भागातल्या पोलीस पाटलांना आदल्या दिवशी फोन करून ठेवतो. विमान वाहतुकीच्या परवानग्या त्याच्या कितीतरी आधी लागतात. त्या हातात पडल्याशिवाय फुग्यात वायू भरायचा नाही, मग हवा कितीही सुंदर असो.

पेटी हाती लागली की ती तिथेच उघडून मेमरी कार्डातली जमिनीवरची जागा वहीत लिहा, आणि शेजारी आपण गाडीत पेन्सिलीने काढलेली जागा. दोन्हींमधलं अंतर मोजा, दिशा लिहा, त्या दिवशीचा महिना आणि वेळ लिहा. आमच्या वहीत अशा पाच नोंदी झाल्या आहेत. पहिलीत अंतर १,९०० मीटर आहे, तेही उलट्या दिशेला. मागच्या मार्चमधल्या उड्डाणात पन्हाळ्यावरच्या दोघांना सिग्नल जमिनीपासून १४० मीटरपर्यंत मिळाला, आणि पेन्सिलीची खूण व पेटी यांत ६० मीटर निघाले. बझर बांधावरूनच ऐकू येत होता.